खुब्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंचं पोट साफच होत नाहीये, काय करू?

परसबाग
नमस्कार मंडळी. विषय जरा असा आहे की चारचौघात बोलायची चोरी, म्हणून इथे विचारतेय. सासूबाई (वय ७४, आम्ही सगळे आईच म्हणतो) अंगणात शेवाळावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला नेलं, तिथे अर्धा सांधा बदलला, बायपोलर म्हणतात ते. ऑपरेशन चांगलं झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं पण केलं, आता घरी आणलंय. पण पडल्या त्या दिवसापासून पोट म्हणून साफ झालेलं नाही, आठवडा होत आला. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी आहे, टाके काढायला कधी यायचं ते आहे, पोटाबद्दल अक्षर नाही. फोन केला तर होतं असं, इसबगोल द्या म्हणाले. देतेय रोज रात्री पण पोट उलट जास्तच टम्म वाटतंय आणि दोन घास खाल्ले की ताट सरकवतात.
घरात इंडियन संडास, तोही मागच्या दाराला, त्यामुळे सध्या बेडपॅन. आणि खरी मेख तिथेच आहे. माझ्यासमोर त्यांना बसायचंच नाहीये. "तुला कुठं गं घाण काढायला लावू" म्हणतात, आणि यांना तर त्या वेळी खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. पाणी दिलं की घोटभर पितात आणि तांब्या बाजूला. परवा माझ्या लक्षात आलं की मुद्दाम कमी पितायत, सारखं लघवीला लागू नये म्हणून.
कोणाच्या घरी असं झालंय का? काय केलंत? औषध दिलं तर सवय लागते म्हणतात ते खरं का? एनिमाची मला भीती वाटते.

गुळपोळी
रात्री कोमट दुधात चमचाभर साजूक तूप. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच. सोबत पपई. बाकी त्या औषधांच्या नादी लागू नका, आतडी आळशी होतात.

बेदाणा
मिरज म्हणजे तुम्ही आमच्याच पट्ट्यातल्या की. मूठभर बेदाणे रात्री भिजत घाला आणि सकाळी त्या पाण्यासकट द्या, कुस्करून दिले तर कवळी असली तरी जमतं. अंजीर पण चालतं पण ते महाग आणि आपल्याकडे बेदाणा असताना कशाला.

निवृत्त_सिस्टर
ताई, मी अस्थिरोगाच्या वॉर्डात नोकरी केली, बरीच वर्षं. आधी मला एवढंच सांगा, गॅस सरतोय का? उलटी होतेय का, निदान मळमळ? पोटाला हात लावला की कडक लागतंय का, दुखतंय का? गॅस पण बंद आणि उलटी पण होतेय असं असेल तर दूध-तूप-बेदाणे काही नको, हा धागा वाचत बसू नका, गाडी काढा आणि दाखवून या. तसं नसेल तर पुढचं वाचा.

पहिली गोष्ट बेडपॅन. माणूस आडवा झोपून त्याच्यावर जोर करूच शकत नाही, कुठल्याही तरण्याताठ्या माणसाला झोपवून बघा, त्याला पण होणार नाही. वर खुबा दुखतोय, वर सून समोर उभी. मग त्या आलेली भावना दाबतात, आणि एकदा दाबली की परत लवकर येत नाही, मळ आत वाळत जातो. दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभ्या केल्यात म्हणजे पायावर वजन टाकायला परवानगी आहे, तर सर्जनना एक फोन करून विचारा की कमोड खुर्चीवर बसवू का. बहुतेक हो म्हणतील. खुर्ची पलंगाला खेटून लावायची, चाकाची असेल तर लॉक करून. दोरीवर जुनी साडी टाकून आडोसा करा, रेडिओ लावून द्या आणि तुम्ही दाराबाहेर थांबा, हाक ऐकू येईल इतक्याच लांब. हाताशी एक घंटी ठेवा. उठताना मात्र तुम्ही धरायचंच, एकट्याने उठायचं नाही हे आधी कबूल करून घ्या. वॉर्डात मी हे इतक्यांदा बघितलंय, जी बाई चार दिवस पॅनवर काही करत नव्हती ती खुर्चीवर पडद्याआड बसवली की मोकळी.

आणि तुमच्यासमोर नकोच म्हणत असतील तर सकाळी तासभर एखादी मावशी लावता आली तर बघा. सुनेची लाज वाटते तशी पगारी बाईची वाटत नाही, यात वाईट वाटून घेऊ नका. डायपर लावून ठेवायची पद्धत आलीये आजकाल, त्यात करायचं तर बायका आणखीनच दाबून धरतात, तेव्हा केवळ आपल्या सोयीसाठी तो लावू नका.

खुर्ची मिळेपर्यंत बेडपॅनच द्यावा लागला तर पसरट पुढून निमुळता असा येतो तो आणा, फ्रॅक्चर पॅन म्हणून मागा. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून (उश्या रचून सुद्धा चालेल, पार ताठ नको) अर्धवट बसतं करा. पाटीसारखं सपाट झोपवून नाही.

वेळ सकाळच्या चहानंतरची. पोटात काही गरम गेलं की आतडं आपसूक हलतं, तो अर्धा तास वाया घालवायचा नाही. झालं नाही तरी रोज त्याच वेळेला बसवायचं, दहा मिनिटं, कुंथायला लावायचं नाही. आणि सगळ्या गोळ्यांची नावं टाका बघू इथे, दुखण्याची कोणती आहे ते बघायचंय.

परसबाग
सिस्टर खूप आभार, इतकं नीट कोणी सांगितलंच नव्हतं. गॅस सरतोय, उलटी नाही, मळमळ सुरुवातीला होती आता नाही. पोट फुगलेलं आहे पण दाबलं तर मऊ लागतंय.
गोळ्या अशा: ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली दिवसातून तीनदा, लोहाची एक, कॅल्शियम दोनदा, पॅन्टोप्राझोल सकाळी, रक्त पातळ ठेवायची एक, मळमळलं तर ओन्डान्सेट्रॉन. बीपीची टेल्मिसार्टन-एच आधीपासून आहे. शुगर नाही. किडनीचा रिपोर्ट ठीक आहे असं कागदावर लिहिलंय.
खाणं म्हणाल तर मऊ भात-वरण, चहा-बिस्किटं, दुपारी परत भात. बघायला येणारा प्रत्येक जण ब्रेड नाहीतर बिस्किटाचा पुडा आणतोय. आणि नणंदबाईंनी हाडं जुळायला म्हणून डिंकाचे लाडू पाठवलेत डबा भरून.

औषधी_डबा
मी फिजिशियन आहे, सर्जन नाही. पेशंट न बघता इथून डोस सांगणार नाही, पण तुमच्या यादीतच निम्मं उत्तर आहे आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सांगतो.

ट्रामाडॉल. ही अफूच्या घराण्यातली वेदनाशामक आहे (कोडीन, मॉर्फिन, टॅपेन्टाडॉल, फेन्टॅनिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचे चिकटवायचे पॅच हे सगळे त्याच घराण्यातले, ट्रामाडॉल त्यात सौम्य). आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि ही औषधं मेंदूत जशी काम करतात तशीच तिथेही जाऊन बसतात. आतड्याच्या पुढे ढकलणाऱ्या लाटा मंदावतात, मळ जास्त वेळ आत राहतो म्हणून त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो खडा होतो, शिवाय गुदद्वाराचा स्नायू आवळलेला राहतो. जुलाब थांबवायला जी लोपेरामाइड देतात ना तीसुद्धा याच घराण्यातली, यावरून कल्पना करा. या औषधांनी सुरुवातीला येणारी मळमळ आणि झोप काही दिवसांत कमी होते कारण शरीराला सवय होते, बद्धकोष्ठाची मात्र सवय होत नाही, गोळी चालू आहे तोवर ते राहतं. म्हणून ज्या दिवशी अशी वेदनाशामक सुरू होते त्याच दिवशी पोट साफ राहायचं औषध सुरू व्हायला हवं. चार दिवस वाट बघून मग नाही. तुमच्या कागदावर ते राहून गेलंय एवढंच, आणि हे राहून जाणं फार कॉमन आहे.

त्यात भर लोहाची गोळी, कॅल्शियमची (कार्बोनेट असेल तर जास्तच), ओन्डान्सेट्रॉन, तिन्हीने पोट धरतं. टेल्मिसार्टनच्या पुढचा एच म्हणजे लघवी वाढवणारं औषध. बाई आधीच पाणी कमी पितायत आणि ही गोळी पाणी बाहेर काढतेय, तर त्याबद्दल पण विचारा, बीपी मोजून घ्या. मनाने बंद करू नका.

आता इसबगोल. घरी बसलेल्या धडधाकट माणसाला ते चांगलं आहे, तुमच्या आईंना आत्ता नाही. ते पाणी ओढून फुगतं, मळाचा आकार वाढवतं आणि मग आतड्याने तो पुढे ढकलायचा असतो. इथे ढकलणंच मंद आणि पाणी घोटभर. तुंबलेल्या मोरीत वरून कोंडा ओतल्यासारखं होतं ते. पोट टम्म झालं त्याचं हेही कारण असू शकतं. थांबवा.

डॉक्टरांना विचारा: एक, पाणी धरून ठेवणारं औषध, म्हणजे लॅक्टुलोज (ड्युफलॅक वगैरे) किंवा पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर. लॅक्टुलोजने गॅस होतो आणि परिणामाला २४ ते ४८ तास लागतात, एका चमच्यात चमत्काराची वाट बघू नका. पावडर पेलाभर पाण्यात विरघळवून घ्यायची, ती रक्तात जवळपास शोषली जात नाही. दोन, आतड्याला ढकलायला लावणारं, म्हणजे सेन्ना (सोनामुखीच ती) किंवा बिसाकोडिल (डल्कोलॅक्स). बिसाकोडिलची गोळी रात्री घेतली की ६ ते १२ तासांनी काम करते म्हणजे सकाळच्या चहाच्या वेळेला बरोबर जमतं, फक्त ती दुधाबरोबर किंवा अॅसिडिटीच्या पातळ औषधाबरोबर द्यायची नाही, चावायची नाही, नाहीतर वरचं आवरण पोटातच विरघळून मुरडा येतो. अफूवाल्या औषधांच्या बद्धकोष्ठात या दोन प्रकारांची जोडी बऱ्याचदा लागते.

पण आठवडा झालाय, म्हणजे खाली खडा अडकलेला असू शकतो. तसं असेल तर वरून औषध देऊन नुसता मुरडा येईल. आधी खालून मोकळं करावं लागतं, ग्लिसरीनची किंवा बिसाकोडिलची गुदद्वारात ठेवायची कांडी, नाहीतर एनिमा. एनिमाला घाबरू नका, पण मेडिकलमधून आणून स्वतः देऊ नका. फॉस्फेटचा तयार एनिमा वयस्कर माणसात, किडनी नाजूक असेल किंवा पाणी कमी पडलेलं असेल तर क्षारांचा मोठा गोंधळ करू शकतो. गावातल्या डॉक्टरांना घरी बोलवा, ते बोट घालून तपासतील, मग ठरवतील. ती तपासणी आजच व्हायला हवी.

सवय लागते का, तर ट्रामाडॉल आहे तोवर महिनाभर घेतलेल्या औषधाने आतडी आळशी होत नाहीत. गुळपोळी, तुमच्या तुपाला माझा विरोध नाही.

जुना_गुडघा
पेशंटच्या बाजूने बोलतो कारण इथे सगळे देणारेच जमलेत. माझा गुडघा बदलला तेव्हा ऑपरेशनचं दुखणं परवडलं असं वाटायला लावणारी ही गोष्ट होती आणि गंमत म्हणजे सर्जन राउंडला आले की गुडघा किती वाकतो ते विचारायचे, फिजिओ पण तेच, घरचे पण तेच, खालचं कोणी विचारलंच नाही आणि मी तरी आपणहून कसं सांगणार, शेजारच्या पलंगावर लोकांची माणसं बसलेली. पोट भरलेलं असलं की भूक लागत नाही, भूक नाही की अंगात ताकद नाही, ताकद नाही की चालायचा कंटाळा आणि चाललं नाही की पोट अजून जाम. शेवटी मी रागाने दुखण्याची गोळीच बंद केली. तेव्हा गुडघा असा बोंबलायला लागला की पलंगावरून उठवेना, म्हणजे चालणं पार बंद. तेव्हा ताई, आईंना जर कोणी सांगितलं की गोळीने होतंय तर त्या गुपचूप गोळी उशीखाली सरकवतील, लक्ष ठेवा. आमच्या पिढीची ती खोड आहे.

आणि पाणी पाणी करून त्यांच्या मागे लागू नका, चिडचिड होते. ताक द्या, कोकमाचं सार द्या, पातळ आमटी द्या, शहाळं द्या, कोणी मोजत नाही आणि पोटात जातं.

टिळक_रोड
कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल ठेवायचं. गुडघे वर आले की उकिडवं बसल्यासारखा कोन होतो आणि झटक्यात मोकळं होतं. मी स्वतः रोज वापरतो, ऑनलाइन मिळतं. हा खरा उपाय आहे, बाकी सगळं वरवरचं.

चालती_बोलती_फिजिओ
टिळक रोड, तुमच्यासाठी उत्तम. परसबाग ताई, तुम्ही हे अजिबात करू नका. खुब्याचा सांधा बदललेल्या पेशंटला, विशेषतः मागच्या बाजूने कापून बसवला असेल तर, मांडी आणि पोट यातला कोन ९० अंशाच्या आत येऊ द्यायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही. नवीन गोळा वाटीतून निसटू शकतो. त्यामुळे गुडघे खुब्यापेक्षा वर जातील असं काहीही नको. म्हणजे इंडियन संडास बंद, स्टूल बंद, आणि कमोडवर बसून जोर करायला पुढे वाकणंही बंद. किती आठवडे ते तुमचे सर्जन सांगतील, प्रत्येकाचं वेगळं असतं.

उलट बैठक उंच हवी. साधा वेस्टर्न कमोड बुटका पडतो, त्यावर ४ ते ६ इंच उंचीची प्लास्टिकची जादा बैठक (रायझर) बसवतात. तुमच्याकडे कमोडच नाही तर उंची बदलता येणारी कमोड खुर्ची घ्या आणि इतकी उंच करा की बसल्यावर खुबा गुडघ्याच्या थोडा वर राहील आणि पाय जमिनीला टेकलेले राहतील. लोंबकळते पाय नकोत, त्याने जोर येत नाही. बसताना आणि उठताना ऑपरेशनचा पाय थोडा पुढे सरकवून हातांवर भार घ्यायचा. बसल्यावर श्वास कोंडून कुंथायचं नाही, तोंडाने मेणबत्ती विझवतो तशी हळू फुंकर मारत पोट पुढे फुगवायचं. म्हाताऱ्या माणसाला श्वास कोंडून जोर केला की चक्कर येते, बीपी पडतं, आणि संडासात पडून दुसरा खुबा मोडलेले पेशंट मी बघितलेत.

चालणं हे पण पोटाचं औषधच आहे. एकदम अंगणात नाही, पलंग ते दार, दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी थोडं. दुखण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने चालवा, तेव्हा कमी दुखतं. चहा, वॉकरवर फेरी, मग खुर्ची, असा सकाळचा क्रम ठेवा.

(जुना गुडघा काका, तुम्हाला गुडघ्याला ९० चा नियम नाही, तुमचं वेगळं. कोणी हे वाचून दोन्ही ऑपरेशनं एक करू नका.)

लीड्सवासी
इंग्लंडात नर्स आहे. आमच्या वॉर्डात औषधांच्या तक्त्यावर मॉर्फिन किंवा कोडीन लिहिलं की खाली सेन्ना किंवा पावडरचं पाकीट लिहिलेलं आहे का हे आम्ही बघतोच, नसेल तर डॉक्टरच्या मागे लागतो. आणि रोज प्रत्येकाला विचारून शौचाचा तक्ता भरायचा, त्याला ब्रिस्टल स्टूल चार्ट म्हणतात, ७ चित्रं असतात. १ म्हणजे शेळीच्या लेंड्या, ४ म्हणजे गुळगुळीत केळं, ७ म्हणजे नुसतं पाणी. ३-४ वर असलं की छान. सुरुवातीला मला हे फार विचित्र वाटायचं, साहेबांच्या देशात म्हाताऱ्या साहेबाला चित्र दाखवून विचारायचं की आज कितवं. पण लाज मोडायला एकदम चांगलं, आकडा सांगायला कोणी लाजत नाही. ताई, तुम्ही पण आईंना नुसता आकडा विचारा.

एक फार महत्त्वाचं. बरेच दिवस नाही आणि मग अचानक पातळ पातळ, थोडं थोडं, नकळत कपड्यात, असं व्हायला लागलं तर जुलाब झाले असं समजून औषध बंद करू नका आणि जुलाब थांबवायची गोळी तर मुळीच देऊ नका. खाली खडा अडकलेला असतो आणि वरचं पातळ त्याच्या बाजूने झिरपतं. घरचे लोक बिचारे खूश होतात की झालं मोकळं.

आणि म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं, रात्री ओळखेना, तर पोट आणि लघवी दोन्ही बघायचं. लघवी तुंबलेली पण असू शकते, भरलेलं पोट खालून मूत्राशयावर दाबतं.

एक_वैद्यप्रेमी
एवढ्या इंग्रजी नावांची गरजच नाही. दोन चमचे एरंडेल, सुंठीच्या काढ्यातून. रात्री दिलं की सकाळी कोठा लख्ख.

निवृत्त_सिस्टर
वैद्यप्रेमी, लख्ख होईल हो, पण सकाळी त्या बाईला धावत कोणी न्यायचं? एरंडेलाची कळ थांबवता येत नाही, वॉकरवरचं माणूस कळ आली म्हणून घाईने उठलं की पडतं. घरात बसल्या तरण्या माणसाला द्या. आणि ते पॅराफिन तेल असलेली पातळ औषधं येतात, क्रेमाफिन वगैरे, ती गिळताना ठसका लागणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि आडवं झोपून तर देऊच नयेत, तेल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. त्यात मॅग्नेशियम पण असतं, किडनीच्या पेशंटनी विचारल्याशिवाय नको.

परसबाग, खाण्याचं राहिलं. भात-बिस्किटं-ब्रेड सगळा मैदा नि पिठूर, त्यात धागाच नाही. ज्वारीची भाकरी आमटीत नाहीतर ताकात कुस्करून द्या, सालीची मूगडाळ, पालक, लाल भोपळा, दुधी, पपई, पिकलेला पेरू बिया सोसत असतील तर. पण हे सगळं पाणी वाढल्यावर, हळूहळू. आधी अडकलेलं निघू दे, कारण कोरड्या आतड्यात नुसता चोथा वाढवला तर इसबगोलासारखंच होणार. डिंकाचे लाडू नणंदबाईंचा मान म्हणून अर्धा द्या, बाकी तुम्ही खा, तुमची धावपळ चाललीये. पाया सूप पाठवणारा पण कोणी येईल बघा आता, ते चालेल, पातळ आहे.

परसबाग
सगळ्यांना सांगायचं म्हणून लिहितेय. काल संध्याकाळी आमच्या फॅमिली डॉक्टरांना घरी बोलावलं, खडाच अडकला होता. त्यांनी कांडी ठेवली, काही नाही, मग आज सकाळी त्यांच्या सिस्टरनी येऊन साधा एनिमा दिला आणि एकदाचं झालं. थोडं रक्त दिसलं तर मी घाबरले पण ते म्हणाले खड्याने कातडी चिरलीये, रक्त पातळ करायची गोळी असल्याने दिसतंय, वाढलं तर कळवा. दुपारी आईंनी स्वतःहून भाकरी मागितली. रात्रीपासून पावडर आणि एक गोळी लिहून दिलीये, एचवाल्या गोळीचं बीपी बघून आठवड्याने ठरवू म्हणाले. लोहाची गोळी दिवसाआड करू का विचारलं तर हो म्हणाले. आकड्याची आयडिया हिट आहे, त्यांनी आज सकाळी मला "एक नंबर" असं सांगितलं आणि मला वाटलं खूश आहेत :)

आता दोन प्रश्न. कमोड खुर्ची विकत घ्यायची का? नंतर ती अडगळ होणार. आणि हे औषध बंद कधी करायचं? त्या आत्ताच विचारतायत.

बेदाणा
विकत घेऊ नका. रुग्णोपयोगी साहित्य केंद्र म्हणून प्रत्येक तालुक्याच्या गावाला कोणी ना कोणी चालवतं, एखादा ट्रस्ट, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळ. डिपॉझिट भरायचं, खुर्ची, वॉकर, वर-खाली होणारा पलंग न्यायचा, काम झालं की परत. भाडं अगदी नाममात्र किंवा नाहीच. आणताना खुर्चीचे चारही पाय आणि रबरी टोप्या बघून घ्या, टोपी झिजली की घसरते. आणि उंची बदलायची बटणं गंजलेली नाहीत ना ते पण. तुमच्या गावात नसेल तर मला मेसेज टाका, इकडून बघतो.

औषधी_डबा
छान झालं. बंद करण्याचं असं: आधी ट्रामाडॉल कमी होईल. आता तुमच्या डॉक्टरांना विचारून नुसतं पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळांना आणि ट्रामाडॉल फक्त व्यायामाआधी किंवा रात्री, असं करता येतं का बघा, दुखणं कमी असेल तर बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. पण आत्ताच्या गोळीत पॅरासिटामॉल आहेच हे विसरू नका, दोन्ही मिळून दिवसाचा हिशोब त्यांच्याकडून लिहूनच घ्या. ट्रामाडॉल पूर्ण थांबल्यावरही पोटाचं औषध त्याच दिवशी थांबवायचं नाही, आठवडाभर शौच नीट राहिली की मग आधी ढकलणारी गोळी, नंतर पावडर, अशी टप्प्याने. दोन दिवस काही झालं नाही तर तिसऱ्या दिवशी परत सुरू, आठवड्याची वाट बघायची नाही.

शौच काळी झाली तर लोहाच्या गोळीने होते, घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी आणि सोबत थकवा, चक्कर असं असेल तर ते लोह नव्हे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पोटातून रक्त जात असू शकतं, त्याच दिवशी दाखवा.

आणि सिस्टरनी पहिल्यांदा विचारलेलं परत सांगतो कारण पुढचे वाचणारे तेवढंच वगळतील. पोट झपाट्याने फुगत चाललं, गॅस बंद झाला, उलटी झाली तर रेचक देत बसायचं नाही. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वयस्कर माणसांचं मोठं आतडं कुठेही अडथळा नसताना कधीकधी लुळं पडून फुगतं, १९४८ साली ऑगिल्वी नावाच्या ब्रिटिश सर्जनने अशा लुळ्या पडणाऱ्या आतड्याबद्दल लिहिलं म्हणून त्याचंच नाव आहे त्याला. क्वचित होतं, पण वेळेत कळलं नाही तर आतडं फाटू शकतं. त्याला एक्सरे लागतो, घरचा उपाय नाही.

जुना_गुडघा
आईंना माझा नमस्कार सांगा. आणि तो अर्धा डिंकाचा लाडू कोणी खात नसेल तर पत्ता पाठवतो.